तुपाची झारी

पहिल्याच दिवशी मालकांनी मला जेवायला बसवलं आणि इतकं वाईट वाढलं, की मी ताटावरूनच उठलो.

ताट मांडलं, त्यात भाकरी टाकली, टाकली म्हणजे खरंच वरून टाकली, आणि ते निघून गेले. भाजी नाही, आमटी नाही, चिमूटभर मीठसुद्धा नाही. सकाळपासून बैलगाडीत बसून हाडं खिळखिळी झालेली, पोटात कावळे ओरडत होते. वाट बघून बघून शेवटी कोरडाच तुकडा मोडून तोंडात घातला, तेव्हा मालक आमटी घेऊन आले. त्यातली अर्धी वाटीत पडली, अर्धी माझ्या धोतरावर. घशात घास अडकला म्हणून पाणी मागितलं, तर "आलो, आलो" म्हणाले आणि दारात जाऊन कुणाशी तरी पीकपाण्याच्या गप्पा मारत उभे राहिले. मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हा गृहस्थ वळून बघेना.

आता मी आधीच तापट. राग माझ्या नाकावर बसलेलाच असायचा, त्याला बोलवायला जावं लागत नसे. उठलो, उपरणं झटकलं आणि म्हणालो, असली खानावळ असती व्हय? यापरीस आमच्या गोठ्यात बैलांची सरबराई चांगली हुते. मला वाटलं आता मालक मला हाकलणार. तर ते हसत हसत तांब्या घेऊन आले, स्वतः फुलपात्र भरून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बस खाली. तुझं शिक्षण सुरू झालंय. आज तुला जे जे झालं, ते इथं कुणालाच हू द्यायचं न्हाई. एवढंच काम हाय इथं."

मग त्यांनी मला पुन्हा वाढलं. आधी पाणी, मग मीठ, ठेचा, कांदा, अंबाडीची भाजी, आमटीची वाटी आणि सगळं जागच्या जागी आल्यावर तव्यावरची भाकरी. भाकरीचा शेवटचा चतकोर उरला, तेवढ्यात दुसरी हजर. मी एकदाही मान वर केली नाही, एकदाही काही मागितलं नाही आणि तरी मला काही कमी पडलं नाही. लग्नकार्यातली जेवणं मी ढिगानं जेवलो होतो, पण आपल्याकडं कुणीतरी असं बघतंय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. लयच बरं वाटलं.

ही खानावळ परभणीत, कचेरीच्या मागच्या रस्त्यावर होती. निजामाचं राज्य होतं. कचेरीचा सगळा कारभार उर्दूतून चालायचा आणि खेड्यापाड्यांतनं माणसं तारखेला यायची. पाथरीचा, जिंतूरचा, आमच्या सोनपेठकडचा शेतकरी पहाटे गाडी जुपून निघायचा, कचेरीत नाव पुकारायची वाट बघत तिष्ठत बसायचा आणि दुपारच्या सुट्टीत आमच्याकडं जेवायला यायचा. कारकून मंडळीही यायची, शेरवानी घालून, घाईघाईत. मोठ्या लोकांच्या खानावळी पलीकडच्या गल्लीत होत्या. आमची साधी होती, शेणानं सारवलेली लांब पडवी आणि तिच्यात समोरासमोर दोन पंगती.

मालक कुणब्याचेच होते, पण उमेदीची वर्षं त्यांनी हैदराबादेत काढलेली, एका जहागीरदाराच्या देवडीत, म्हणजे वाड्यात. तिथं ते पाहुण्यांच्या सरबराईला होते. जेवणाआधी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायचं, ते सुद्धा असं की बाहीला थेंब लागू नये, इथपासून त्यांनी शिकायला सुरुवात केली होती. पुढं गावाकडं परत आले आणि मालकीणबाईंच्या हाताला चव होती म्हणून खानावळ काढली. चूल बाईंची, पडवी मालकांची. देवडीतली अदब त्यांनी आमच्या ज्वारीच्या भाकरीला आणून जोडली, असं मी म्हणतो. अशी जोड दुसरीकडं कुठं बघितल्याचं मला आठवत नाही.

मी तिथं कसा आलो, तर भांडून. थोरल्या भावाचं आणि माझं कधी पटलं नाही. त्या साली सुगीत एक बैल मला जुमानेना म्हणून मी चिडून कासरा फेकून दिला, आणि बैल गेला शेजाऱ्याच्या हरभऱ्यात. भावानं पारावर चार माणसांत माझी शोभा केली. मी म्हणालो, मला शेती करायचीच न्हाई, मी परभणीला जातो, तिथं खानावळीत ओळख हाय. तर तो सगळ्यांसमोर हसला. म्हणाला, "तुला बैल सांभाळता येईना, तू माणसं सांभाळणार? जा. पाडव्याला गाडी पाठवतो, गपचूप बसून ये." सगळा पार हसला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या गाडीत बसायचं नाही, मेलो तरी बसायचं नाही, असं मी तिथंच ठरवलं.

हे सगळं मी मालकांना पहिल्या जेवणानंतर सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नसे. ते शांतपणे ऐकून म्हणाले, बरं झालं, पाडवा दोघांच्याही सोयीचा हाय. मग त्यांनी मला कोनाड्यातलं एक भांडं दाखवलं. छोटं, पितळी, तोटी असलेलं, चिंचेनं घासून लख्ख केलेलं. ही तुपाची झारी. आमच्या भागात भात म्हणजे रोजची वस्तू नव्हे. जेवणाच्या शेवटी मूठभर भात यायचा आणि त्याच्यावर तूप. तेवढ्या तुपावर माणूस जेवण लक्षात ठेवतो, असं मालकांचं म्हणणं होतं, म्हणून झारी ते स्वतः धरायचे किंवा पूर्ण तयार झालेल्या वाढप्याच्या हाती द्यायचे. मला म्हणाले, पाडव्याच्या आत ही तुझ्या हातात आली तर भावाची गाडी रिकामी जाईल. न्हाई आली तर तू गाडीत बस, आन् आपली ओळख तशीच ऱ्हाऊ दे.

झालं. त्या दिवसापासून ती झारी माझ्या स्वप्नात यायला लागली.

मालकांची एक सवय होती, ते आम्हाला गावाच्या नावानं हाक मारायचे. मी सोनपेठ. माझ्या आधीपासून असलेला वाढपी चारठाणा. "सोनपेठ, भाकरी!" "चारठाणा, पाणी बघ!" बाहेरच्याला वाटावं इथं नकाशाच वाचायलेत. चारठाणा शांत गडी. त्याच्या गावची जुनी देवळं बघायला लांबून लोक येतात, त्या देवळातल्या खांबासारखाच हा, हलायचा कमी आणि बोलायचा त्याहून कमी. झारी त्याला मिळालेली होती, पण त्याचा तोरा त्यानं कधी मिरवला नाही. मला तर त्याच्या शांतपणाचाच राग यायचा.

शिकवणी रोज दुपारी, पंगती उठल्यावर आणि भांडी घासून झाल्यावर. रिकामी ताटं मांडायची आणि पाण्यानं भरलेली भांडी घेऊन वाढायचं. वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही, नाहीतर आपलं तोंड माणसाच्या ताटावर येतं. पळी ताटाला टेकायची नाही. पावलाचा आवाज नको. खांद्यावरच्या कपड्यानं हात पुसलेला दिसला की मालक काही न बोलता तो कपडा उचलून घेऊन जायचे आणि धुवायला टाकायचे. तंबाखूचा वास आला तर त्या दिवशी पडवीत पाऊल ठेवायचं नाही, चुलीपाशी लाकडं फोडत बसायचं. मी ती लाकडं पुष्कळ फोडली.

आणि मुख्य म्हणजे ताटाकडं बघायचं. तोंडाकडं बघितलं की माणूस लाजतो, आणि लाजला की पोटभर जेवत नाही. भाकरी किती झाल्या ते मनात सुद्धा धरायचं नाही. कोण कचेरीतला, कोण शिवारातला, हे दारात चपला काढताना दिसलं तेवढं पुरे. पडवीत आल्यावर सगळी ताटं सारखी. मालक हे भाषण ठोकून सांगायचे नाहीत. ते आळीपाळीनं आम्हालाच ताटावर बसवायचे आणि प्रत्येक चूक आमच्यावर करून दाखवायचे. एकदा तर माझ्या शेजारी बसलेल्या चारठाण्याला मुद्दाम मान वाकवून 'घ्या साहेब' म्हणत वाढलं आणि मला 'हं, धर' म्हणून. नाटक आहे हे मला पक्कं ठाऊक, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. असं शिकवल्यावर माणूस विसरेल कसा?

माझी पहिली मोठी फजिती झाली ती आग्रहापायी. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत वाढणारा गडी कसा पाहिजे? पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून वाढणारा. तोच खरा मर्द. लोक त्याचं कौतुक करतात आणि पाहुणाही वरवर ओरडत खूश होतो. मी गावात त्याबद्दल नावाजलेला. तर एके दिवशी कचेरीतले पेशकार जेवायला आले. हा मुन्सफासमोर कागद मांडणारा माणूस, मोठ्या रुबाबाचा, अंगात दुधासारखी शेरवानी. त्यांनी ताटावर हात धरला, मी म्हणालो, असं कसं साहेब, घ्या की, आणि दिलं वरण. ते मनगटावरून थेट बाहीत गेलं. हळद घातलेलं वरण, आणि पांढरी शेरवानी. माझी पाचावर धारण बसली.

मालक कुठून आले कळलं नाही. मला एक शब्द बोलले नाहीत, पेशकारांपुढं हात जोडून नाटकही केलं नाही. पाणी, हरभऱ्याचं पीठ आणि स्वच्छ फडकं आणलं, बाही हळूच हातात घेतली आणि जागेवरच डाग काढला. वर त्यांना दुसऱ्या ताटावर बसवून सगळं नव्यानं वाढलं. पेशकार माझ्याकडं असे बघत होते, की मला झारी पार निजामाच्या खजिन्यात जाऊन बसल्यासारखी वाटली.

दुपारी शिकवणीला मालक म्हणाले, धर ताटावर हात. मी धरला. ते ताक घेऊन आले आणि "घे रे, घे की, लाजतोस काय" म्हणत माझ्या हातावर ओतत राहिले. मी नको म्हणालो, ते ओततच होते. कोपरापर्यंत ताक. शेवटी मी ताट ढकललं आणि ओरडलो की मी चाललो गावाला, करा तुमची खानावळ. मालकांनी भांडं खाली ठेवलं. "आला का राग? तसाच त्या माणसाला आला. पण तो भला, गिळून बसला. गावात तुझा हात बघून लोक हसतात, कारण तुझ्या घरी पुन्हा यायचं असतं त्यान्ला. इथं आलेला माणूस परका हाय. त्याचा नको म्हणजे नको. कुणाचा नको उपाशी पोटाचा हाय आन् कुणाचा भरल्या पोटाचा, ते त्याच्या ताटावर दिसतं. तिथं बघायला शिक."

मी हात धुतले आणि थांबलो. गेलो नाही. आजही कुणी विचारलं की तुम्ही हॉटेलचा धंदा कुठं शिकलात, तर मी त्या ताकाचीच गोष्ट सांगतो. संस्थान गेल्यावर पाथरीत मी माझं स्वतःचं हॉटेल काढलं, पुष्कळ पोरं तयार केली, काही माझ्यापुढंही गेली. पण मालकांसारखा शिकवणारा मी पुन्हा पाहिला नाही. राग न करता माणसाला वळण लावायचं, ही विद्या मला तर अजून जमलेली नाही, माझी पोरं त्याची साक्ष देतील.

एक गोष्ट मात्र मला मालकांची पटत नव्हती. नियम असा की शेवटचा पाहुणा उठल्याशिवाय वाढप्यानं अन्नाला शिवायचं नाही. वास घेत घेत उपाशी फिरायचं, आतडी पिळवटून निघायची. आणि मालक काय करायचे? पंगत संपत आली, निम्मी माणसं हात धुवायला गेली, की कधीतरी एकदम ताट घेऊन पाहुण्यांतच बसायचे! आरामात, मांडी घालून, गप्पा मारत. एकदा पाथरीकडचा एक शेतकरी होता, कचेरीतनं तोंड उतरवून आलेला, घास हातात धरून बसलेला. मालक त्याच्याशेजारी बसून पिठलं-भाकरी खात होते आणि आम्ही दोघं खांबाला टेकून लाळ गिळत उभे. मी चारठाण्याच्या कानात म्हणालो, आमाला उपास आन् ह्यांची चंगळ. तो म्हणाला, "तुला कळल तवा कळल." माझं डोकं अजूनच फिरलं. सांगायचं नसेल तर तोंड कशाला उघडावं माणसानं?

मालकीणबाईही त्यांच्यावर करवादायच्या. आमच्याबरोबर जेवायची वेळ आली की यांना भूक नसायची. कशी असेल, मी मनात म्हणायचो, आधीच दोनदा जेवून झालंय.

फाल्गुन संपत आला. माझ्या हातून आता सांडत नव्हतं, पावलं वाजत नव्हती, ताटं वाचता येत होती. पाणी झालं, भाकरी झाली, आमटी झाली, भातसुद्धा माझ्याकडं आला. पण झारी कोनाड्यातच. पाडवा जसा जवळ येत गेला तसा मी येता-जाता कोनाड्याकडं बघायला लागलो. भावाची गाडी मला डोळ्यांसमोर दिसायची, पारावर बसलेली तीच चार माणसं दिसायची. मालकांना विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर ते हसून म्हणाले असते, ताटाकडं बघ.

पाडव्याच्या आदल्या दिवशी कचेरीत मोठी गर्दी झाली. दुसऱ्या दिवशी सण, म्हणून सगळ्यांना आपलं काम उरकून घरी पोचायचं होतं. पडवी भरली, बाहेर ओट्यावर माणसं ताटकळत बसली. चुलीपाशी मालकीणबाईंना दम घ्यायला फुरसत नव्हती. मालक दारात, येणाऱ्याला पाणी देत, बसायला जागा करत. भात निघाला तसे ते आत आले, कोनाड्यातली झारी घेतली आणि माझ्या हातात दिली. जणू रोजच देत होते. मी धरली. तूप आत कोमट होतं, त्याची ऊब पितळेतून हाताला लागली. माझा जीव भांड्यात पडला. गाडी रिकामी जाणार, मी मनात म्हणालो, घे म्हणावं भावा.

पहिली पंगत मी तुपानं सरळ वाढत गेलो. धार बारीक, भाताच्या मधोमध, एक थेंब बाहेर नाही. समोरच्या पंगतीत तेच पेशकार बसलेले, तीच शेरवानी. त्यांना मी वाढलं तेव्हा त्यांनी बाही जरा आवरून घेतली, मला हसूच आलं. त्यांनी पुन्हा भात मागितला, चारठाण्यानं तो घातला आणि मी झारी घेऊन पुन्हा तिकडं निघालो.

अलीकडच्या पंगतीत टोकाला जिंतुराकडचे एक म्हातारे होते. कुणाच्या तरी वाटणीत साक्ष द्यायला एकटेच आलेले. तोंडात दात नव्हते. भाकरी आमटीत कुस्करून, बोटांनी मऊ करून, एकेक घास जिभेवर घोळवत जेवत होते. अर्धी भाकरीसुद्धा पोटात गेली नव्हती आणि पंगत उठायला लागली. आपल्याकडं पंगत एकदम बसते आणि एकदम उठते. सगळे उठले आणि आपण एकटेच चावत बसलो, ही माणसाला मेल्याहून मेल्यासारखी गोष्ट. त्यात ओट्यावर बसलेली माणसं आत डोकावत होती, जागा कधी होते म्हणून. म्हाताऱ्यांनी डावीकडं बघितलं, कुणी नाही. उजवीकडं भिंत. समोर पेशकार तेवढे शेवटच्या भाताशी. म्हाताऱ्यांनी वाटी हळूच ताटाच्या कडेला सारली, उरलेली भाकरी बोटांनी वाटीमागं लपवली, आणि एक हात जमिनीला टेकला.

पोट भरलेला माणूस भाकरी लपवत नाही. मी ताट बघितलं आणि मला एकदम सगळं कळलं. मालक का बसायचे पंगतीत, पाथरीच्या त्या माणसाशेजारी पिठलं खात का बसले होते, मालकीणबाई का करवादायच्या, सगळं एका क्षणात. अरे देवा, मी म्हणालो, आणि मालकांना हाक मारायला वळलो. ते दिसेनात. ओट्यावर कुणाची तरी समजूत घालत होते. म्हातारे उठत होते.

झारी हातात होती. पेशकारांचा भात तुपाची वाट बघत होता. ही झारी मी अर्ध्यात खाली ठेवली तर ती पुन्हा हातात येईल की नाही, याची मला शाश्वती नव्हती. आणि पाहुणे उठायच्या आत वाढप्यानं अन्नाला शिवायचं नाही हा तर नियमच. उद्या सकाळी गाडी येणार होती. हे सगळं मला दिसत होतं, मी काही साधुसंत नव्हतो. पण तो जमिनीला टेकलेला हात मला बघवेना.

मी झारी पेशकारांच्या आणि माझ्या मधे भुईवर ठेवली, ढिगातलं एक धुतलेलं ताट उचललं आणि म्हाताऱ्यांच्या शेजारी मांडी घालून बसलो. म्हणालो, "बाबा, बसा की. मी आत्ताच बसायलोय, मला एकट्याला टाकून कुठं निघालाव?"

म्हातारे बघतच राहिले. मग हात उचलला, नीट बसले आणि म्हणाले, जेव बाबा, जेव, मला काय घाई हाय. वाटी पुन्हा पुढं ओढली. पलीकडून चारठाणा आला. माझ्याकडं बघितलंही नाही, माझ्या ताटात भाकरी वाढली, आमटी वाढली, मूठभर भात वाढला. बाबांना मऊ भाकरी आणून दिली. अगदी पाहुण्याला वाढावं तसं मला वाढलं त्यानं, गुडघ्यात वाकून. त्या गड्याबद्दलचा माझा सगळा राग तिथंच विरघळला.

आणि मालक आत आले.

त्यांनी एका नजरेत बघितलं. पंगतीत बसलेला मी, भुईवर झारी, पेशकारांचा कोरडा भात. त्यांनी झारी उचलली, पेशकारांना तूप वाढलं, ओट्यावरच्या माणसांना हातानं थोडं थांबा अशी खूण केली. मग ते आमच्या बाजूला आले. बाबांना वाढलं. मला वाटलं, आता बोलणार.

ते माझ्यासमोर गुडघ्यात वाकले आणि माझ्या भातावर तूप धरलं. बारीक धार, मधोमध. मला रोज अरे-तुरे करणारा, हातावर ताक ओतणारा तो माणूस हळू आवाजात म्हणाला, "सावकाश जेवा. दोघंबी सावकाश जेवा."

मला पुढचं ताट दिसेना. मान खाली घालून मी तो भात खाल्ला, आणि बाबांचा शेवटचा घास होईपर्यंत माझ्या ताटात काहीतरी शिल्लक ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला भावाची गाडी दारात उभी राहिली. मालकांनीच पुढं होऊन गाडीवानाला सांगितलं की आमच्या माणसाला इथनं हलायला सवड न्हाई, गाडी तशीच न्या, पण सणाचं उपाशी जाऊ नका. त्यानं बैल सोडले, हातपाय धुतले आणि जेवायला बसला. त्याच्या भातावर तूप मी वाढलं.